पाव इंच उतरता खांदा

कॉटनपेट, बेंगळूर
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

चि. सोयरास,

तुझा पत्ता तुझ्या वहिनीनं, प्रेमानं दिला. मी रात्रभर मनात घोळवत होतो की बायकोला कसं विचारावं, आणि ती कणीक मळता मळता म्हणाली, "पंचांगाच्या मागच्या पानावर आहे. दर पाडव्याला नव्या पंचांगात उतरवून घेते. अकरा वर्षं झाली. तुम्ही विचारलंत कधी?" म्हणजे माझ्याच भिंतीवर, माझ्याच खिळ्याला तुझं घर लटकलेलं आणि मी पुढच्या पानांवर राहुकाळ बघतोय. असो.

भांडायला लिहीत नाही. एक प्रश्न आहे. तो समजेल अशी माणसं आता दोनच उरली, तू आणि मी. दुकानातल्या गुंडोला धरलं तर अडीच.

काल मी फॅशन शोला गेलो होतो. हसून घे, मग पुढे वाच. आपल्या मराठी मंडळाचे मधुकरराव, संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले पुणेकर, मंडळाचं त्रैमासिक काढतात. ते दुकानात आले आणि म्हणाले, "गिरीराजशेठ, आमचे लेखक साडीला साडी म्हणतात आणि बाकी सगळ्याला ड्रेस. तुम्ही कपड्यातले. परीक्षण लिहा." मारतहळ्ळीची कुणी अमृता आहे, इंजिनियर बापाची मुलगी. तिचा वसंत ऋतूचा बायकांच्या कपड्यांचा संग्रह. जागा के. आर. पुरमच्या पलीकडचं जुनं गोदाम. तुझं घर तिथून दीड मैलावर असेल, हे मला आज पत्ता वाचल्यावर कळलं. ते मी ध्यानात ठेवलंय.

पहिल्याच ओळीत खरं लिहितो. मी खोट काढायलाच गेलो होतो. हातमागाचं म्हणून यंत्रमागाचं खपवतात, मैसूर सिल्क म्हणून भलतंच. मी कापड कानानं ओळखतो हे तुला माहीत आहे. गाणी कानठळ्या बसवणारी होती, पण दोन गाण्यांच्या मध्ये क्षणभर शांतता व्हायची आणि पोरी चालतच असायच्या. तेवढं मला पुरे. तिसऱ्या पोशाखाचं सिल्क खरं होतं. सातव्याचा खण खरा गुळेदगुड्डचा, कडक, नवीन, चालताना पापड मोडल्यासारखा वाजणारा. मी जरा नाराजच झालो.

रंगही वाईट नव्हते. होंगेची, म्हणजे करंजाची, पहिली पालवी असते ना, पिवळी की हिरवी हे ठरवता येत नाही अशी, त्या रंगाचा लांब कोट. रस्त्याकडेच्या त्या गुलाबी झाडांचा रंग एकाच पोशाखात, तोही फक्त अस्तराला. ही पोर हात राखून आहे म्हटलं.

मग चौथ्या पोशाखापाशी मी पुढे सरकून बसलो. खालची कड उजवीकडे बोटभर वर होती आणि मानेजवळ उजव्या बाजूला बारीकसा झोळ. पाचव्याला तेच. सहाव्याला तेच. आठवून बघितलं तर पहिल्या तिन्हींतही तेच. एकतीस पोशाख झाले, त्यातले तीस तसे. माझ्या पुढे दोन मुली मोबाइल उंच धरून बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "ही असिमेट्री बघ ना, किती ब्रेव्ह." मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला.

सोयरा, सरळ खांद्याच्या पोरीला उजवा खांदा पाव इंच उतरता कापलेला कपडा घातला की असंच होतं. आणि उजवा खांदा पाव इंच उतरता कापणारं टेबल या गावात एकच आहे. माझं.

तू गेलीस तेव्हा कात्री नेलीस, ती तुझीच होती. कापड कापायचा पुठ्ठ्याचा फर्मा नेलास का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

अक्षर वाकडं दिसेल. कागद दाबून धरायला डावा हात हल्ली आळस करतो. दसऱ्यात स्कूटरवरून पडलो होतो. काही विशेष नाही.

तुझा,
अण्णा


कॉटनपेट
शनिवार, २२ फेब्रुवारी

सोयरा,

उत्तर नाही. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला पत्र पोचलं असणार, सर. "असणार" या शब्दावर माझा विश्वास नाही, पण तुझ्यावर आहे. तू वाचलं आहेस.

या आठवड्यात मी गुंडोची उलटतपासणी घेतली. तुला तो चाळिशीतला आठवत असेल. आता त्याला चष्मा आहे, नातू आहे आणि मला उलट बोलायची हिंमतही आहे. दसऱ्यापासून माझं कटिंग तोच बघतो, म्हणजे मला वेळ नसतो म्हणून. खिळ्यावरचे सगळे फर्मे खाली काढले आणि मोजले. एकही कमी नाही. कडांना टाचणीची नवी भोकं आहेत का तेही पाहिलं. नाहीत.

"अण्णा," गुंडो म्हणाला, "फर्मा चोरायला दुकानात कशाला यायला पाहिजे? तुमचा एखादा जुना कोट घ्यायचा, उसवायचा, कागदावर ठेवायचा. झालं. सरी, असू दे, मी चहा सांगू का?"

हे मला सुचायला हवं होतं. छत्तीस वर्षांत माझे कोट या गावात किती अंगांवर गेले असतील. विमान कारखान्यातले निम्मे इंजिनियर माझ्या कोटात निवृत्त झाले. कुणाच्या कपाटातून एखादा गेला असेल. १९८८ साली बाबांच्या अंगावर बेतून मी जो फर्मा तयार केला तो असा उसवून, कागदावर पसरून, बायकांच्या कपड्यात कुणीतरी डोळे झाकून उतरवला. चूक असेल तर चुकीसकट उतरवला. त्या रात्री मला शांत झोप लागली. चोर कळला की मला झोप लागते.

सकाळी दाढी करताना एकतिसावा पोशाख आठवला.

मागच्या पत्रात लिहिलं ना, एकतीसमधले तीस. शेवटचा वेगळा होता. कट तोच, उजवा खांदा तसाच उतरता, पण कड सपाट. पट्टी ठेवून बघावी अशी सपाट. मानेपाशी झोळ नाही. आणि तो घालून आलेली बाई त्या काठीसारख्या पोरींपैकी नव्हती. पन्नाशीची, चष्म्याची, जरा रुंद, चालताना लाजणारी. टाळ्या तिला सगळ्यात कमी पडल्या.

चोराला पाव इंच चोरता येतो. तो पाव इंच कोणत्या अंगावर बसतो हे चोराला कळत नाही. ज्यानं त्या बाईला शेवटी आणलं त्याला ते कळत होतं.

मी तुझ्यावर संशय घेतोय हे तुझ्या लक्षात आलं असेल. घेतोय. तू तिथे राहतेस, तुला हात आहे, आणि माझ्यावर राग धरायला तुला कारण आहे, निदान तुझ्या मते. दुकानाच्या पंचवीस वर्षांच्या समारंभाची ती निमंत्रणपत्रिका. एवढ्याशा कार्डावरून माणूस घर सोडतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

परीक्षण लिहून तयार आहे. सुरुवात अशी आहे: "अमृता यांच्या वसंत संग्रहात कापड खरे आहे, रंग संयमी आहेत आणि कट चोरीचा आहे. कॉटनपेटच्या एका दुकानात छत्तीस वर्षे वापरात असलेला खांदा येथे नाव न घेता उचलला आहे." मधुकररावांनी दहा मार्चपर्यंत मुदत दिली आहे. मंडळाचं त्रैमासिक म्हणजे दोन हजार घरं, आणि त्यातली निम्मी एकमेकांची नातेवाईक. हे छापून आलं तर त्या पोरीला गावात तोंड दाखवता येणार नाही. आणि कापणाऱ्या माणसाला पुन्हा कुणी टेबल देणार नाही.

तो कापणारा तू असशील तर मला आधी सांग. नसशील तरी सांग. आठ तारखेपर्यंत वाट बघतो.

अण्णा


कॉटनपेट
बुधवार, ५ मार्च

सोयरा,

काल दुपारी मी तिथे होतो हे तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण तू पार्टिशनच्या एका बाजूचं ऐकलंस. दुसऱ्या बाजूचं माझ्याकडे आहे.

अमृताला मी फोन केला, परीक्षणासाठी दोन गोष्टी विचारायच्या आहेत म्हटलं. ती खूश झाली. वर्कशॉप छोटं आहे, नीटनेटकं आहे, खिडक्या उत्तरेच्या. मला उणं काढता येईना. ती पोर सव्वीस-सत्तावीसची, केस कापलेले, बोलणं आगगाडीसारखं. "काका, बसा ना. मधुकरकाका म्हणाले तुम्ही लेजंड आहात." मी बसलो नाही. संशयानं आलेल्या माणसानं उभं राहावं.

विचारलं, उजवा खांदा कुणी उतरवला?

"तुमच्या लक्षात आलं? कुणाच्याच आलं नाही. सगळ्यांना वाटलं ती माझी स्टाइल आहे." ती हसली. "आमच्या अक्कांनी. कटिंगच्या हेड आहेत. त्या आल्या ना, तेव्हा पहिला महिनाभर त्यांनी कापडाला हात लावला नाही. टेप घेऊन रोज सकाळी स्टेशनबाहेर उभ्या राहायच्या. कामाला जाणाऱ्या बायकांना थांबवायच्या, त्यांच्याशी बोलायच्या, खांदे मोजायच्या. दोनशे बारा बायका. वही आहे."

वही तिनं दाखवली. अक्षर बघायची गरज नव्हती, पण बघितलं. नाव, कामाचं ठिकाण, डावा, उजवा, आणि शेवटच्या रकान्यात खांद्यावर काय असतं ते. लॅपटॉप. डबा आणि छत्री. लॅपटॉप आणि मुलाची बॅग. भाजी.

"मॉडेल्सचे खांदे सरळ असतात," अमृता सांगत होती. "त्यांच्यावर खालचं हेम वर जातं. अक्का म्हणाल्या, ज्यांच्यासाठी कापलंय त्यांनाच चालव. मी घाबरले, काका. स्टायलिस्ट म्हणाला वेडी आहेस का. शेवटी एकच चालवली. आमच्या फिनिशिंगच्या जमनाबाई."

इतका वेळ मी तिच्याकडे बघत होतो पण ऐकत दुसरंच होतो. प्लायच्या पार्टिशनमागे कात्री चालली होती. जगातला प्रत्येक कटर पातं पूर्ण मिटतो, टक् असा आवाज होतो. ही कात्री टक् करत नव्हती. कर्र, कर्र, आणि वळण आलं की एक दम घ्यायचा, मिटायचं नाही. आपल्या घरात हा आवाज मी पंचवीस वर्षं ऐकलाय. तू कापत असताना बाबा डोळे मिटून म्हणायचे, आता काखेपाशी आली.

मी मुद्दाम आवाज चढवला. म्हटलं, या अक्का हा खांदा कुठे शिकल्या असं सांगतात?

कात्री थांबली.

"वडिलांच्या खांद्यावर, असं म्हणतात त्या."

आणि भावाविषयी?

अमृतानं माझ्याकडे सरळ बघितलं. तिला काही ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो, माणसाचा आवाज मला कळतो. "भाऊ आहे का त्यांना?" ती म्हणाली.

मला जरा राग आला होता, तो मी तिच्यावरच काढला. म्हटलं, हे सगळं तुझ्या अक्कांचं, तर नाव तुझं एकटीचं का?

"नाव आहे ना, काका. कार्यक्रमाच्या पुस्तिकेवर. मागच्या पानावर."

पुस्तिका सोळा दिवस माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. मी तिच्या मुखपृष्ठाचं कापड हातानं तपासलं, कागद किती वजनाचा तेही तपासलं असतं. पान उलटलं नाही. उलटलं तर तिथे ठळक अक्षरांत: फर्मा आणि कटिंग, सोयराबाई रघुजी. छत्तीस वर्षं या धंद्यात आहे, कापणाऱ्याचं नाव छापतात हेच मला माहीत नव्हतं, म्हणून शोधलं नाही. प्रेमा म्हणाली, तुमचं सगळं मागच्या पानावरच असतं.

एक शंका उरली. आतून एक मुलगी चहा घेऊन आली. टेबल माझ्या डाव्या हाताला होतं. ती वळसा घालून आली आणि कप उजव्या बाजूच्या खिडकीत ठेवून गेली. कुणी सांगितलं तिला? मी तर दिवसभर डावा हात खिशात घालून होतो.

तू बाहेर आली नाहीस. मीही हाक मारली नाही. निघालो तेव्हा जिन्यापर्यंत कात्री सुरू झाली नव्हती.

अण्णा


कॉटनपेट
रविवार, ९ मार्च

सोयरा,

तुझं उत्तर आलं नाही. आता ते यायची गरज नाही, कारण प्रश्नच खोटा होता. मी विचारत होतो की फर्मा कुणी चोरला. ते मला १९८८पासून माहीत आहे.

प्रेमाला सगळं वाचून दाखवलं, आधीची पत्रंसुद्धा, त्यांची नक्कल ठेवली होती. पहिल्या पत्रापाशीच तिनं थांबवलं. "माझं टेबल लिहिलंत," ती म्हणाली. दुसऱ्यापाशी परत. "मी तयार केला लिहिलंत." मग शेंगा सोलत बसली. तिचं गप्प बसणं ऐकायला माझ्याइतके कान कुणाला नाहीत.

तर जसं झालं तसं लिहितो.

बाबा जन्मभर कापडाचं गाठोडं उजव्या खांद्यावर टाकून बळेपेठेपासून घरोघर शिवायला जायचे. माझ्या लग्नात त्यांना कोट शिवायचा ठरला. ते मापाला उभे राहीनात. म्हणाले, मी लोकांची मापं घेतो, माझं कोण घेणार. तू वीस वर्षांची होतीस. तू चार दिवस त्यांच्या मागून चालत गेलीस, गाठोडं घरी पोचवायच्या निमित्तानं. टेप नाही, दोरी नाही. पाठीमागून बघून माप घेतलंस आणि कोट कापलास. मी शिवायला बसलो तर उजवा खांदा उतरता. मी ओरडलो, वाकडा कापलायस, पोरीच्या जातीला कशाला कात्री द्यावी असंही म्हणालो. बाबांनी घातला. आपण दोघांनी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सरळ उभं बघितलं.

मांडवात कारखान्यातले एक मोठे इंजिनियर होते. त्यांनी बाबांच्या खांद्याला हात लावून विचारलं, हा कोट कुणाचा? मी म्हणालो, माझा. शिवला मीच होता, म्हणून ते खोटं नाही, असं मी स्वतःला लगेच सांगितलं. पण ते शिवणीबद्दल विचारत नव्हते हे मला तेव्हाच कळलं होतं. माझे कान तेव्हाही चांगले होते.

पुढच्या वर्षी त्या फर्म्यावर दुकान उभं राहिलं. एका मशीनपासून सुरुवात करून स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस, असं माझ्याविषयी लोक म्हणतात, मीही म्हणतो, भाषणातसुद्धा. हिंमत माझी होती. मशीन माझं होतं. खांदा तुझा होता. पंचवीस वर्षं तू पडद्यामागे कापलंस आणि मी पुढे टेप गळ्यात घालून उभा राहिलो.

ती पत्रिका. तू म्हणालीस, अण्णा, कार्डावर माझं नाव टाक, कुठल्याही कोपऱ्यात. मी काय म्हणालो ते आधीच्या पत्रात लिहिलं नव्हतं. मी म्हणालो, "बाई कापते म्हटलं तर साहेब लोक कोट देतील का आपल्याला?" तू कात्री पिशवीत घातलीस. साहेब लोकांना मी कधी विचारलं नव्हतं. अजून नाही.

परीक्षण बदललं. ते असं सुरू होतं:

"अमृता यांच्या वसंत संग्रहात एकतीस पोशाख आहेत. तीस पोशाखांत कड उजवीकडे वर जाते आणि लोक तिला धाडस म्हणतात. ते धाडस नाही. ते कपडे चुकीच्या अंगावर होते. एकतिसावा पोशाख जमनाबाई नावाच्या, रोज बसने कामावर येणाऱ्या बाईने घातला आणि तो चुकला नाही, कारण तो तिच्यासारख्या दोनशे बारा जणींचे खांदे मोजून कापलेला आहे. अमृता यांना एकच सूचना: पुढच्या वेळी तीसही जमनाबाई चालवा, घाबरू नका. हा खांदा सोयराबाई रघुजी यांनी १९८८ साली कापला. प्रस्तुत लेखक तो छत्तीस वर्षे स्वतःच्या नावावर विकत आला आहे. चोरीची तक्रार करायची झाल्यास ती उलट दिशेने करावी लागेल."

मधुकरराव दुकानातच उभे राहून दोनदा वाचून गेले. म्हणाले, "शेठ, हे छापू? लोक तुमच्याकडे बघून काय म्हणतील?" मी म्हटलं, छापा, आणि "प्रस्तुत लेखक" काढून माझं नाव घाला, प्रस्तुत लेखक म्हणजे लपायला बरं पडतं. ते गेल्यावर गुंडो म्हणाला, "अण्णा, हे मला तेव्हापासून माहीत होतं." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "तुम्ही विचारलंत कधी?"

हे वाक्य या घरात कुणी शिकवलं कोण जाणे.

मी क्षमा वगैरे मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक काम टाकायचं नाही. अंक छापून आला की पाठवतो.

अण्णा


कॉटनपेट
मंगळवार, १ एप्रिल

सोयरा,

अंक तुला गुरुवारी मिळाला असेल. इथेही मिळाला. दोन जुनी गिऱ्हाइकं येऊन आपले कोट आरशात बघून गेली. एक निवृत्त साहेब म्हणाले, त्या बाई आता कुठे कापतात? मी पत्ता दिला. मोठी माणसं इतकी सहज विचारतात हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

परवा पाडव्याला कडुनिंब-गूळ वाटून झाला आणि दारात पार्सल आलं. तुझं पत्र शोधलं, कागद उलटासुलटा केला. मागचं पानसुद्धा बघितलं, आता सवय लागली आहे. पत्र नव्हतं. कोट होता.

बंद गळ्याचा, राखी रंगाचा. मी आधी संशयानंच बघितला. कापड कानाशी नेऊन चुरगाळलं. चांगलं आहे, माझ्या दुकानापेक्षा चांगलं. मग टेबलावर पसरला आणि टेप लावला. उजवा खांदा उतरता असणार हे गृहीत धरलं होतं. उजवा सरळ निघाला.

डावा उतरता होता. अर्धा इंच.

सोयरा, मी स्कूटरवरून पडलो नव्हतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानातच डावी बाजू एकाएकी गेली. आठ दिवस रुग्णालयात होतो. गिऱ्हाइकांना सांगितलं गावाला गेलोय. अंगातली ताकद बरीचशी परत आली, खांदा तेवढा राहिला. मी कापत नाही ते वेळ नाही म्हणून नाही, कापड धरवत नाही म्हणून. हे प्रेमाला, डॉक्टरला आणि गुंडोला माहीत आहे. प्रेमाला विचारलं, तू कळवलंस का? ती देवाची शपथ घेऊन नाही म्हणाली, आणि तिचा आवाज खरा होता. गुंडोला विचारलं. तोही नाही म्हणाला, वर म्हणाला, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही जिन्यानं खाली उतरलात ना? मग त्यांनी आधी पार्टिशनच्या फटीतून आणि नंतर पाठीमागून बघितलं असेल."

तेवढं पुरतं तुला. मला माहीत असायला हवं होतं.

प्रेमानं कोट अंगावर चढवला. मी आरशाकडे बघायला तयार नव्हतो, तिनं वळवलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी सरळ दिसलो. ती मानेपाशी झोळ शोधत राहिली, सापडला नाही. मागे गुंडोनं नाक ओढलं, तेवढं ऐकू आलं.

कोट कच्च्या टाक्यांत आहे. पांढरा दोरा, लांब टाके, एकच बाही लावलेली, काजं नाहीत. मी शिंपी आहे, सोयरा. अर्धा कोट कुणी भेट म्हणून पाठवत नाही. कच्च्यात पाठवलेल्या कोटाचा या धंद्यात एकच अर्थ असतो, गिऱ्हाइकानं ट्रायलला यायचं.

पुढच्या मंगळवारी येतो. चहा उजव्या हाताला ठेव.

अण्णा